धानोऱ्याच्या जंगलातला दयेचा घाव

एक

डॉक्टर निकुऱ्यांना खाटेवर घालून आणलं, तोवर खाटेच्या सुंभातून गळणारं रक्त थांबलं होतं. चार गोंड खांदेकऱ्यांनी खाट दवाखान्याच्या ओट्यावर टेकवली. डॉक्टरांच्या पोटावर पळसाची पानं झाकली होती. वाऱ्यानं त्यातली दोन उडाली आणि औषधाला येऊन बसलेली एक बाई तोंड फिरवून ओकली.

साल चोपन्न. मोहफुलं पडायचे दिवस. त्या दिवसांत अस्वलं फुलांसाठी गावाजवळ येतात आणि फुलं वेचणाऱ्या बायांशी त्यांची गाठ पडते. एका अस्वलीनं महिनाभरात तिघींना फाडलं होतं, म्हणून त्या सकाळी तिला रानातून उठवायला हाका निघाला होता. फाडलेल्यांना टाके घालणारे डॉक्टर स्वतःच औषधांची पिशवी घेऊन हाक्याबरोबर गेले होते. बंदुकीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

ठाणेदार दादाजी ठेंगरी ओट्याच्या पायरीवर उभे होते. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुऱ्हाडीनं तोडलेली, विहिरीत फुगलेली, जनावरांनी खाल्लेली माणसं पाहिली होती. पण या माणसाबरोबर त्यांनी परवाच चहा घेतला होता. त्यांनी वाकून पानं उचलली आणि पुन्हा ठेवली.

खाटेमागून बांबूचा ठेकेदार डोमाजी गहाणे चालत आला. धिप्पाड गडी, अंगरख्यावर रक्त, डोळे लाल. बंदूक त्यानं दोन्ही हातांवर आडवी धरली होती.

"घ्या, ठाणेदारसाहेब," तो म्हणाला. "मीच गोळी घातलो त्यायले."

ठाणेदारांनी बंदूक हातात घेतली.

"अस्वलीनं पोट फाडलं. आतडे बाहेर पडले होते. मी तिच्यावर बार टाकलो, ती पळाली. डॉक्टरसाहेब मात्र तडफडून राह्यले होते. छातीवर बोट ठेवून म्हणत, डोमाजी, कू द ग्रा. हात जोडून म्हणत, कू द ग्रा. माह्यानं पाहवलं नाई, साहेब."

"म्हणजे काय?" ठाणेदारांनी विचारलं.

"साहेबलोकायच्या तोंडचा शब्द आहे जी. जखमी जनावराले तडफडत ठेवू नये, आखरी गोळी घालून सोडवावं, त्याले म्हणतात. इंग्रज होते तवा मी त्यायच्यासंगं लय शिकारी केलो. डॉक्टरसाहेब शिकलेले माणूस. मरतेवेळीही त्यायनं शिकलेल्यासारखंच मागितलं."

हाक्याचा प्रमुख रेंजर साठवणे मागे उभा होता. नागपूरच्या कॉलेजातून नुकताच आलेला, चेहरा पांढराफटक. त्यानं मान डोलावली.

"मूळ फ्रेंच शब्द आहे, साहेब. वाचलाय मी. दयेचा घाव."

दोन

दोन पंच बोलावून ठाणेदारांनी पंचनामा सुरू केला. पंचांनी नाकाला धोतराचा सोगा लावला होता. ठाणेदारांनी लावला नाही. त्यांना जवळून पाहायचं होतं.

डावा हात कोपराखाली चिंध्या झालेला होता. नखांच्या समांतर रेघा, मांस सोललेलं, आत हाड दिसत होतं. हे काम अस्वलीचंच, यात वाद नव्हता. छातीत गोळीचं भोक, कडेला कातडी दारूनं काळी पडलेली. बंदूक जवळजवळ टेकवूनच उडवली होती. त्या भोकातून एवढं रक्त गेलं होतं की पाठीखालचं धोतर कडक झालं होतं.

मग पोट. बरगडीपासून खाली कमरेपर्यंत एकच लांब चीर. ठाणेदार तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. आतडी बाहेर आली होती खरी, पण कडा फिकट होत्या, धुतल्यासारख्या. एवढं पोट फाटलं तर माणूस रक्तात न्हाऊन निघतो. इथे पोटाच्या कडेला जेमतेम ओल होती.

त्यांनी डॉक्टरांची डावी बाही वर सारली. दंडावर बोटभर रुंद वळ होता, दावं आवळल्यासारखा खोल. कापड मात्र कुठेच नव्हतं.

"रेंजरसाहेब, तुम्ही कुठे होता?"

"नाल्याच्या पलीकडे, हाकेकऱ्यांबरोबर. डॉक्टर, डोमाजी आणि वाट दाखवणारा कोलू नैताम, असे तिघं अलीकडे होते. मी पहिला बार ऐकला, मग अस्वलीचं ओरडणं. नाल्याला उतार नव्हता, आम्हाला वळसा घालावा लागला. वाटेत दुसरा बार ऐकला. पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं."

"दोन बारांमध्ये किती वेळ गेला?"

"बराच. माणूस निवांत एक चिलीम ओढून होईल एवढा."

"अन् कोलू?"

उत्तर डोमाजीनं दिलं. "पळाला जी. अस्वल अंगावर आल्याबरोबर पळाला. जंगलातला माणूस, त्याचा काय भरोसा."

ठाणेदार खांदेकऱ्यांकडे वळले. ते भिंतीच्या सावलीत उकिडवे बसले होते. त्यांच्यातला थोरला, लच्छू, खाली पाहून हातातली काडी मोडत होता.

"लच्छूभाऊ, खाट आणाले तुमाले कोणी सांगतलं?"

लच्छूनं आधी डोमाजीकडे पाहिलं, मग ठाणेदारांकडे.

"कोलूनं जी. पळत पळत पाड्यावर आला. म्हणे, डॉक्टरले अस्वलीनं धरलं, खाट काढा. आमी खाट उचलली तं तो आमच्याही पुढं पळाला. म्हणे, डॉक्टर एकटाच हाय ठेकेदारापाशी."

"मग तो तुमाले कुठी भेटला?"

"भेटलाच नाई," लच्छू म्हणाला. "आमी पोचलो तं डॉक्टर मेलेले, ठेकेदार रडत बसलेले. कोलू कुठीच नाई."

तीन

परत पळालेला कोलू डोमाजीपाशीच पोचला असणार, म्हणून भर दुपारी ठाणेदारांनी चार शिपाई घेऊन डोमाजीचा बांबूचा डेपो गाठला. डोमाजीला ठाण्यावर बसवून ठेवलं होतं. डेपोवरच्या मुकादमानं वाट अडवली. ठाणेदारांनी त्याला बाजूला सारलं. बांबूच्या थप्प्या माणसाच्या दुप्पट उंच होत्या. शिपायांनी एकेक थप्पी धुंडाळली. शेवटच्या थप्पीमागून बारीक आवाज आला, घशात पाणी अडकल्यासारखा.

कोलू नैताम जिवंत होता. पाठीमागे हात बांधलेले, चेहरा सुजून ओळखू न येणारा. जबडा एका बाजूला लोंबत होता. उजव्या हाताची बोटं काहीतरी जड आपटून चिरडलेली होती.

त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. आणलं खरं, पण टाके घालणारा माणूस आतल्या खोलीत चादरीखाली पडला होता. चांद्याहून दुसरा डॉक्टर यायला दोन दिवस लागले असते.

गिरजाबाई बाहेर आल्या. डॉक्टरांची बायको, चाळिशीची, उंच. सकाळपासून त्या प्रेताजवळच बसून होत्या. त्यांनी कोलूकडे पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "याले टेबलावर घ्या."

"बाई, तुम्ही आज..." ठाणेदार म्हणाले.

"तो वाट पाहील का जी माह्या रडण्याची?"

त्यांनी रक्त पुसलं, फुटलेला ओठ शिवला, जबड्याखालून फडकी नेऊन डोक्यावर घट्ट बांधली. मधूनच हात थांबायचे. मग पुन्हा चालायचे. कोलू डोळे मिटून पडला होता. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण त्यानं आवाज केला नाही.

सगळं झाल्यावर ठाणेदार त्याच्याजवळ बसले.

"कोलू, बोलता येणार नाई तुले. मान हलव. डॉक्टरले जखम झाली तवा तू पळाला?"

कोलूनं मान आडवी हलवली. मग डाव्या हातानं त्यानं टेबलावरचं फडकं ओढलं. ठाणेदारांचा हात धरला, बाही वर केली आणि एका हातानं, दातांची मदत न घेता, मोठ्या कष्टानं ते फडकं त्यांच्या दंडाला गुंडाळलं. आवळण्यासाठी ताकद नव्हती. गिरजाबाईंनी दुसरं टोक धरलं आणि गाठ मारली.

"तू बांधलं? डॉक्टरनं सांगतलं?"

मान उभी हलली.

"पोट फाटलं होतं का त्यायचं?"

कोलूनं डोळे विस्फारले. मान आडवी, पुन्हा आडवी. मग त्यानं स्वतःच्या खांद्यावर हात आपटला. गोंड माणूस घराबाहेर पडला की त्या जागी कुऱ्हाड असते. आता जागा रिकामी होती.

चार

संध्याकाळी गिरजाबाईंनी ठाणेदारांना चहा दिला. त्यांना नको होता, पण नाही म्हणवेना. आतल्या खोलीत गावातल्या बाया बसल्या होत्या.

ठाणेदारांच्या डोक्यात अर्धं चित्र जुळलं होतं. डोमाजीला कारणही होतं. त्याच्या बांबूच्या कामावरची कुंता नावाची मजूर बाई गेल्या पावसाळ्याआधी मेली होती. डोमाजी म्हणाला होता, अंगावर झाड पडलं. डॉक्टरांनी प्रेत तपासून लिहून दिलं की झाड नव्हे, काठी. आणि एकदा नव्हे, डोकं फुटेपर्यंत. पुढच्या महिन्यात चांद्याच्या सेशन कोर्टात डॉक्टरांची साक्ष होती.

पण कोर्टात डोमाजीचा वकील उभा राहील आणि म्हणेल, कोलू खाट आणायला गेल्यावर अस्वल परत फिरलं आणि तेव्हा पोट फाडलं. म्हणेल, मरणारा माणूस स्वतः विनवत होता. विनवणी ऐकणारा एकटा डोमाजी. तिला खोटं कोण ठरवणार?

"बाई, एक विचारू? डॉक्टर मरतेवेळी काय बोलले, ते डोमाजीनं सांगतलं. तुमाले कोणी सांगतलं का?"

"नाई. काय म्हणाले?"

"एक शब्द. त्याचा अर्थ दयेचा घाव असा होतो म्हणे. फ्रेंच आहे."

गिरजाबाईंचा चेहरा बदलला. "तो शब्द मले माहीत आहे. लढाईत हे बेरूतच्या मिलिटरी दवाखान्यात होते. तिथल्या फ्रेंच नन बायांकडून त्यांनी भाषा शिकली. मोठी आवड. घरी आल्यावर मलेही शिकवत. तो शब्द त्यांना आवडत नसे."

"काऊन?"

"त्याच्या जन्माची गोष्टच तशी आहे. त्या देशात पूर्वी मोठ्या गुन्हेगाराले चाकाले बांधून लोखंडी कांबीनं एकेक हाड मोडत. माणूस दिवसभर मरत नसे. मग न्यायाधीशाले दया आली, तर तो हुकूम देई, अन् जल्लाद छातीवर शेवटचा घाव घाली. त्याले तो शब्द. हे म्हणत, गिरजा, लोक समजतात ती मारणाऱ्याची दया. तसं नाई. मारणारा तोच, ज्यानं आधी हाडं मोडली. त्याच्या हाती दया कधी नव्हतीच."

मग ठाणेदारांनी डोमाजीच्या तोंडून ऐकलेला शब्द, ऐकला तसाच, उच्चारला.

गिरजाबाईंनी कपबशी खाली ठेवली. "पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं.

"ठाणेदारभाऊ," त्या हळू म्हणाल्या, "तुमच्या ऐकण्यात तर चूक झाली नाई ना?"

पाच

सकाळी प्रेत चांद्याला रवाना झालं. त्यानंतर ठाणेदारांनी सगळ्यांना दवाखान्याच्या ओट्यावर बसवलं. रेंजर होता, दोन्ही पंच होते, लच्छू आणि त्याचे सोबती होते. गिरजाबाई दाराशी उभ्या होत्या. कोलू आत खाटेवर होता हे डोमाजीला ठाऊक नव्हतं. दोन शिपायांनी डोमाजीला ठाण्यावरून आणलं.

"डोमाजी, जबानी पुरी करायची आहे," ठाणेदार म्हणाले. "डॉक्टरांचे शब्द मले नीट आठवत नाईत. सांगा बरं."

"कू द ग्रा," डोमाजी म्हणाला.

"नक्की? त्यात अजून काही होतं का, शेवटी?"

"नाई जी. दोन-तीनदा म्हणाले. कू द ग्रा, असंच. माह्या कानात बसलं आहे."

"रेंजरसाहेब ऐकून राह्यले. पंच ऐकून राह्यले." ठाणेदार दाराकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा."

गिरजाबाई पुढे आल्या. शब्द स्पष्ट होते.

"तो शब्द कू द ग्रास आहे. शेवटी स येतो. हे मले शिकवताना म्हणत, तुले सोपं आहे, रोज गाईले गोग्रास काढतेस, तोच ग्रास ध्यानात ठेव. ग्रास म्हणजे दया. इंग्रजांमधले लय जण शेवटचा स खातात. त्यांना वाटते फ्रेंच लोक शेवटचं अक्षर बोलतच नाईत. मग होते ग्रा. ग्रा म्हणजे चरबी. एकदा एका कर्नलानं यांच्यासमोर तसं म्हटलं, तर हे हसत हसत घरी सांगत आले की साहेबानं वाघाले चरबीचा घाव घातला." त्या डोमाजीकडे पाहत राहिल्या. "माह्या नवऱ्यानं हा शब्द मरतेवेळी बोलला असता की नाई, मले माहीत नाई. पण चरबीचा घाव त्यांनी मागितला नसता."

रेंजर साठवणे पुटपुटला, "मीसुद्धा ग्राच समजत होतो. फक्त छापलेला पाहिला होता."

"तुम्ही छापलेला पाह्यला. डोमाजीनं ऐकला," ठाणेदार म्हणाले. "पण डॉक्टरांच्या तोंडून नाई. शिकारीत इंग्रजांच्या तोंडून ऐकला, तसा काल डॉक्टरांच्या तोंडी घातला."

"एका अक्षरावरून मले फासावर देता का?" डोमाजी हसला. "तडफडणारा माणूस काय शुद्ध बोलते?"

"अक्षर बाजूला ठेवा. घावाचा अर्थ पाहू. हा घाव शेवटचा असतो. आधी मरणाची जखम होते, मग दया. डॉक्टरांच्या पोटाच्या जखमेतून रक्त आलं नाई. मेलेल्या अंगातून रक्त येत नाई, हे डॉक्टरांनीच मले शिकवलं. म्हणजे गोळी आधी अन् पोट नंतर फाडलं. अस्वल पंजा मारते तर चार-पाच रेघा पडतात, हातावर आहेत तशा. पोटावर एकच आहे. ती कोलूच्या कुऱ्हाडीची."

डोमाजीचं हसू गेलं.

"खरी जखम हाताची होती. डॉक्टरांनी कोलूकडून दंडाले कापड आवळून घेतलं, रक्त थांबवलं. जो माणूस रक्त थांबवते तो मरण मागत नाई. कोलू खाटेसाठी गेला. तुमाले एवढीच फुरसत हवी होती. छातीले बंदूक लावली. हाताच्या जखमेनं कोणी मरत नसते, म्हणून दया खरी वाटावी यासाठी पोट फाडलं, दंडाचं कापड सोडून फेकलं. तेवढ्यात कोलू परत आला. त्यानं पाह्यलं. तुमच्या बांबूच्या कामावरची माणसं जवळच होती. त्यायनं त्याले उचलून डेपोवर नेलं. त्याची वासलात तुम्ही आल्यावर लावणार होते, पण मी तुमाले ठाण्यावरून हलू दिलं नाई."

आतून कण्हण्याचा आवाज आला. शिपायानं पडदा बाजूला केला. कोलू खाटेवर उठून बसला होता, डोक्यापासून हनुवटीपर्यंत फडक्यात बांधलेला. त्यानं चिरडलेला हात उचलून डोमाजीकडे रोखला.

डोमाजी उठला तो सरळ गिरजाबाईंवर धावला. त्याच्या एका धक्क्यानं शिपाई पायरीवरून खाली पडला. डोमाजीनं गिरजाबाईंचा गळा धरला आणि त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं. ठाणेदारांनी मागून त्याच्या मनगटावर लाठी घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तरी त्यानं सोडलं नाही. दुसरा घाव गुडघ्यावर बसला, तेव्हा तो कोसळला. लच्छू आणि त्याचे सोबती त्याच्या छातीवर बसले.

"त्या दोन कवडीच्या मजुरणीपायी," डोमाजी धापा टाकत म्हणाला, "हा डॉक्टर मले फाशी देणार होता. एक बाई मेली तं काय जंगल ओस पडलं?"

गिरजाबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. कानामागून रक्त येत होतं.

"कुंता नाव होतं तिचं," त्या म्हणाल्या.

सहा

कुऱ्हाड नाल्याच्या डोहात सापडली. डॉक्टरांच्या दंडाला बांधलेला कोलूचा पटकाही तिथेच दगडाखाली मिळाला. चांद्याच्या सिव्हिल सर्जननं पोटाची चीर मेल्यानंतरची ठरवली. डेपोवरच्या मुकादमानं स्वतःची मान वाचवायला सगळं ओकून टाकलं, कुंताला कसं मारलं तेसुद्धा. कोर्टात डोमाजीच्या वकिलानं त्या फ्रेंच शब्दावरून गिरजाबाईंची उलटतपासणी घेतली. पाऊण दिवस त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि एकदाही अडखळल्या नाहीत. डोमाजीला फाशी झाली. नागपूरच्या हायकोर्टानं ती कायम केली.

कोलूचा जबडा सांधायला पुढचा पावसाळा उजाडला. बोटं मात्र वाकडीच राहिली. गिरजाबाईंनी दवाखाना बंद केला नव्हता. नवा डॉक्टर येईपर्यंत त्याच मलमपट्टी करत. एका बाजारच्या दिवशी ठाणेदार तिथे गेले, तेव्हा कोलू ओट्यावर गिरजाबाईंशेजारी बसून त्यांना अंबाडीची भाजी निवडून देत होता.

ठाणेदारांच्या मनात एक प्रश्न राहून गेला होता. कोर्टात तो कुणी विचारला नव्हता.

"कोलू, तू खाटेसाठी निघाला तवा डॉक्टर काही बोलले? फ्रेंच वगैरे?"

कोलूला अजून शब्द चावून बोलावे लागत. "नाई जी. आपलंच बोलले. दुखून राह्यलं होतं तं दात खात होते. म्हणाले, लवकर जा. बाईले निरोप धाड, पाणी उकळाले ठेव म्हणा. टाके घालायचे हायेत."

गिरजाबाईंचा भाजीवरचा हात थांबला.

"अजून?" त्यांनी विचारलं.

"अजून म्हणाले, कायतरी खायाले करून ठेव म्हणा. सकाळपासून उपाशी आहो."

रस्त्यावरून बाजाराच्या बैलगाड्या चालल्या होत्या.

"मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "दोन घास खाऊन जा. म्हणाले, आल्यावर खातो."